मागचा एक्सल, क्राऊन-पिनियन आणि तुमचे प्रश्न

या महिन्यात कार्ब्युरेटर आणि डायनॅमोवाले गप्प आहेत, टपाल काय आणि मेल काय, सगळं डिफरेन्शियलवर, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या गोळ्यावर येऊन ठेपलंय. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्या आता बाहेर निघतायत म्हणून असेल. पहिला प्रश्न जरा ऐसपैस घेतो कारण त्यात बाकीच्या निम्म्या पत्रांची उत्तरं येऊन जातात, उरलेले पटापट. नवख्यांसाठी एवढंच, गोळ्यातला पुढचा छोटा गिअर म्हणजे पिनियन आणि तो ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन.

प्रश्न : काका नमस्कार, आमच्याकडे आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली मॉरिस मायनर १००० आहे, १९५९ ची, ९४८ सीसी. इंजिन मस्त आहे पण साठच्या पुढे गेलं की मागून ऊंऊंऊं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की परत सुरू. शिवाय रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून टॉक असा ठोका बसतो. एक मेकॅनिक म्हणतो अख्खं डिफरेन्शियल बदला, दुसरा म्हणतो पिनियनचा नट आवळला की काम झालं, आणि मुंबईत एका जुन्या पार्टवाल्याकडे नुसतं पिनियन मिळतंय, क्राऊन नाही. काय करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी तो नट. नट आवळून आवाज घालवणारे मेकॅनिक मला गावोगाव भेटलेत आणि त्यांनी आवळलेले एक्सलसुद्धा. त्या नटाचं काम फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जिला जोडतात ती चकती) धरून ठेवणं एवढंच नसतं, पिनियनच्या दोन्ही बेअरिंगांवर किती दाब राहणार तेही तिथेच ठरतं. जास्त आवळला की बेअरिंग तापतात, आवाजाचा सूर थोडा बदलतो म्हणून सगळ्यांना वाटतं झालं काम, आणि मग काही दिवसांनी बेअरिंगचा पृष्ठभाग सोलून निघतो आणि तो चुरा तेलातून सगळीकडे फिरतो. म्हणजे आधी एक दुखणं होतं तिथे आता तीन. त्या नटाला कोणालाही हात लावू देऊ नका.

आता आवाज. तुम्ही लिहिलेत ते दोन वेगळे आवाज आहेत आणि दोघांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका.

ऊंऊं वाला आवाज लोडवर येतो आणि पाय उचलला की जातो, म्हणजे तो बहुतेक क्राऊन-पिनियनच्या दातांचाच. दाताला दोन बाजू असतात, इंजिन गाडीला ओढतं तेव्हा एक बाजू टेकते आणि पाय सोडल्यावर गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा दुसरी. एकाच स्थितीत आवाज येतोय याचा अर्थ त्या एका बाजूचं टेकणं बिघडलंय. बेअरिंगचा आवाज असता तर ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, तो वेगाबरोबर वाढत गेला असता. डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे वळताना कमी होतो असं असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. सरळ जाताना शांतता आणि फक्त वळणावर कुरकुर असेल तर केजच्या (क्राऊन ज्यावर बसतं त्या पिंजऱ्याच्या) आतले छोटे गिअर. आणि डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज एकदम बदलला तर ते टायर आहेत हो, एक्सल उघडायची गरजच नाही! हसू नका, अशी पत्रं येतात.

फक्त एक सांगतो, पिनियनची बेअरिंग ढिली झाली की पिनियन लोडवर मागेपुढे सरकतं आणि दातांचं टेकणं त्यामुळेच बिघडतं, म्हणजे आवाज दातांचा पण गुन्हेगार बेअरिंग असंही होतं. खाली जाऊन फ्लँज हातात धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. जरा जरी हललं तर निम्मं निदान झालं.

ठोक्याचं म्हणाल तर आधी डिफरेन्शियलबाहेरचे संशयित तपासा, कारण ते स्वस्तातले आहेत. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस म्हणजे सांधे, पाटा स्प्रिंगचे यू-बोल्ट, मग एक्सल शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन म्हणजे खाचा. मागची दोन्ही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना उटी (अडवायचा ठोकळा), गिअर न्यूट्रल, आणि फ्लँज हाताने उलटसुलट फिरवा. किती फिरतो ते खडूने खूण करून बघा. क्राऊनचा व्यास साधारण सहा इंच आणि दातांमधला खेळ पाच-सहा थाऊ धरला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तर फ्लँज फार तर अर्धा अंश फिरायला हवा, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढाच. तो जर चांगला बोटभर फिरत असेल तर तो खेळ क्राऊन-पिनियनमधला नाहीच, तो केजमधल्या छोट्या गिअरमागच्या थ्रस्ट वॉशरचा, मधल्या पिनचा आणि स्प्लाइनचा आहे. मायनरमध्ये हे वॉशर झिजणं अगदी नेहमीचं. तुमचा टॉक माझ्या मते तिथलाच आहे आणि त्याचा खर्च क्राऊन-पिनियनच्या मानाने किरकोळ असतो.

उघडायचं ठरलं तर मायनरवाले नशीबवान आहात. बँजो हाउसिंग (एक्सलचं मधोमध गोल असलेलं घर) आहे, अख्खा गोळा पुढच्या बाजूने बाहेर येतो, एक्सल गाडीखालून काढावा लागत नाही. तेल काढा, ड्रम काढा, एक्सल शाफ्टच्या फ्लँजवरचा स्क्रू काढला की शाफ्ट बाहेर ओढता येतो, दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर आल्यावर प्रोपेलर शाफ्ट सोडवा आणि मग गोळ्याचे नट. फार लांब ओढायचे नसतात ते शाफ्ट पण केजमधून सुटले पाहिजेत. गोळा दिसतो त्यापेक्षा जड असतो, झोपून छातीवर घेऊ नका. आणि गोव्यात मी बघितलंय म्हणून मुद्दाम सांगतो, गाडी चिऱ्यांवर चढवून खाली शिरू नका, चिरा आधी काही न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड घ्या.

गोळा टेबलावर आला की लगेच पाना हातात घ्यायचा नाही. इथेच बहुतेक गॅरेजमध्ये घाई होते. आधी बेअरिंगच्या दोन्ही कॅपना सेंटर पंचने खुणा करा, डावीला एक टिंब उजवीला दोन, कारण कॅप आणि हाउसिंग एकत्र बोअर केलेले असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग कधीच सरळ बसणार नाही. मग डायल गेज क्राऊनच्या दातावर लावून बॅकलॅश (दातांमधला खेळ) मोजा, एकाच जागी नाही, फिरवून चार-पाच जागी, आणि आकडे लिहून ठेवा. एका जागी चार आणि समोरच्या बाजूला नऊ आलं तर क्राऊन वाकडं बसलंय किंवा त्याच्या मागे कचरा अडकलाय. मग दातांना मार्किंग ब्लू हा निळा रंग लावून पॅटर्न (दात कुठे टेकतात त्याचा ठसा) घ्या आणि मोबाइलने फोटो काढा. जुने फिटर शेंदूर तेलात कालवून लावायचे, दिसतो छान पण त्यात शिसं असतं तेव्हा हातमोजे घाला. हे सगळं का, तर डिफरेन्शियल आत्ता कसं चालत होतं याची नोंद एकदा उघडल्यावर परत मिळत नाही.

मग उघडा. शिम (जागा भरायच्या पातळ चकत्या) कुठून निघाले, कुठल्या बाजूचे, किती जाडीचे, मायक्रोमीटरने मोजून वेगवेगळ्या पाकिटात. केजच्या बेअरिंगवर एका बाजूला थ्रस्ट असं कोरलेलं सापडेल, ती बाजू बाहेरच्या अंगाला होती हे काढतानाच बघून ठेवा, उलटं बसवलेलं बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

आता तुमच्या मुंबईच्या पिनियनबद्दल. नको. फुकट दिलं तरी नको. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. तुमच्या गाडीला मूळचाच रेशो असेल तर क्राऊनला ४१ आणि पिनियनला ९ दात असतील, भागाकार ४.५५. ४१ आणि ९ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि साठ-पासष्ट वर्षं ते सगळे एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. त्यात दुसऱ्या गाडीचं पिनियन घातलंत तर कितीही शिम बदला, ते रडतच राहणार. घ्यायची तर जोडी घ्या, नंबर जुळलेली. बीएमसीच्या ए-सिरीज एक्सलचे गोळे मायनर, ऑस्टिन ए३५, ए४०, स्प्राइट आणि मिजेट या सगळ्यांत एकमेकांना चालतात त्यामुळे इंग्लंडमध्ये अजून बऱ्यापैकी मिळतात, फक्त रेशो विचारून घ्या.

पण जोडी बदलायची गरज आहे का ते आधी दात बघून ठरवा. दातांवर खड्डे पडलेत, कडा तुटल्यात, पापुद्रे निघालेत तर जोडी गेली. दात गुळगुळीत चकचकीत असतील, फक्त एका बाजूला थोडी पॉलिश जास्त असेल तर माझं मत विचाराल तर जोडी तीच ठेवा, बेअरिंग, थ्रस्ट वॉशर आणि ऑइल सील बदला आणि गोळा परत बसवा. थोडा आवाज राहील. राहू दे! आवाज करत करत वीस वर्षं चालणारे एक्सल आहेत आणि ऐकू येऊ नये म्हणून उघडलेले, नीट न जमलेले एक्सल सहा महिन्यांत संपलेलेही आहेत.

आणि जुनीच जोडी परत बसवणार असाल तर ही गोष्ट फार थोडे लोक सांगतात: पुस्तकातल्या आदर्श पॅटर्नच्या मागे लागू नका. झिजलेली जोडी ज्या जागी बसली होती त्याच जागी तिचे दात एकमेकांना ओळखतात. तिला दोन-तीन थाऊ सरकवून पॅटर्न मधोमध आणलात की निळा रंग छान दिसतो आणि रस्त्यावर गाडी पहिल्यापेक्षा जास्त रडते. जुन्या जोडीला जुनी जागा, बस्स. फक्त नवीन बेअरिंगची रुंदी जुन्याइतकीच आहे ना ते मोजा, एक-दोन थाऊचा फरक असेल तर तेवढा शिममध्ये वळता करा.

नवीन जोडी घालताय तर मग सगळं पहिल्यापासून. पहिल्यांदा पिनियनची खोली, पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा आकडा कोरलेला असतो तो बघून डोक्यामागचा स्पेसर निवडायचा. मग पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवायचा दाब. हा अंदाजाने करायचा नसतो, फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्याने सावकाश ओढायची, फिरत असताना काट्यावर आलेले पौंड गुणिले फ्लँजची त्रिज्या इंचात, म्हणजे आठ पौंड आणि दीड इंच असेल तर बारा पौंड-इंच. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, हे माप ऑइल सील बसवण्याआधी घ्यायचं, सीलचं घर्षण त्यात आलं तर हिशोब चुकतो. ज्या एक्सलमध्ये चेपला जाणारा स्पेसर असतो तिथे नट थोडा थोडा आवळत जायचं, पुढे गेलात तर नट सैल करून मागे येता येत नाही, स्पेसर नवा घालावा लागतो. आता कळलं ना तो दुसरा मेकॅनिक काय करायला निघाला होता ते.

मग क्राऊनचा बॅकलॅश. किती ठेवायचा तो आकडा क्राऊनवरच कोरलेला असतो, साधारण पाच ते सात थाऊच्या दरम्यान. केजच्या एका बाजूचा शिम दुसऱ्या बाजूला हलवला की क्राऊन पिनियनच्या जवळ किंवा लांब जातं. मग पॅटर्न, आणि याला वेळ द्या, संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येतंय म्हणून घाईत करायचं हे काम नाही. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत गेलंय, शेंड्यावर पडला तर कमी आत आहे. ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाला सरकलाय तर क्राऊन पिनियनच्या जवळ आणा, आतल्या टोकाला सरकलाय तर लांब न्या. रिकाम्या गोळ्यावर हाताने फिरवताना ठसा मधोमध किंवा अगदी किंचित आतल्या टोकाकडे हवा, कारण लोड आल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतोच. रंग लावून फिरवताना दुसऱ्या हाताने क्राऊनला लाकडाचा ठोकळा दाबून थोडा विरोध द्या, नाहीतर ठसा फिका येतो आणि काहीच समजत नाही. एक बदल केला की बॅकलॅश परत मोजायचा, कारण पिनियन हलवलं की तो बदलतो. डोकं दुखतं, मान्य आहे.

क्राऊनच्या बोल्टखाली वाकवायच्या लॉकपट्ट्या असतात त्या नव्याच घाला. तेल ईपी (जास्त दाब सोसणारं) ९० हायपॉइड, दीड पिंट म्हणजे साधारण ८५० मिली, लेव्हलच्या भोकापर्यंत आणि त्यावर थेंबभर नाही. जास्त भरलं तर ते हबमधून ब्रेक शूवर जातं आणि वरचं ब्रीदरचं, म्हणजे हवा बाहेर जायचं भोक मातीने बुजलेलं असेल तर हमखास जातं, ते तारेने साफ करा. नवीन जोडीला पहिल्यांदा वीसेक किलोमीटर सावकाश फिरवून पूर्ण थंड होऊ द्या, मग पुढचे काही दिवस घाटात माणसं भरून नेऊ नका, आणि सात-आठशे किलोमीटरनंतर तेल बदला. त्या तेलात बारीक चमचम दिसली तर घाबरू नका, नखाएवढे तुकडे दिसले तर घाबरा.

प्रश्न : माझीही मायनर १००० आहे, ९४८ सीसीच. पुणे-मुंबई रस्त्यावर ऐंशीला इंजिन फार ओरडतं. ४.२२ चा गोळा मिळतोय, घालावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ४.२२ चा गोळा (३८ आणि ९ दात) नंतरच्या १०९८ सीसी मायनरला कारखान्यातूनच यायचा. तो घातलात तर त्याच वेगाला इंजिनचे फेरे साधारण सात टक्क्यांनी कमी होतील, म्हणजे ४००० ऐवजी ३७०० च्या आसपास. कानाला बरं वाटेल. पण ९४८ ला टॉर्क बेताचाच आहे, खंडाळ्याच्या चढात आत्ता जिथे टॉप चालतो तिथे तिसरा टाकावा लागेल. एकटे-दुकटे फिरत असाल तर घाला, चौघं आणि सामान असेल तर मी ४.५५ च ठेवीन आणि सत्तरने जाईन. आणि मायनरचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून चालतो, त्यामुळे गोळा बदलल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे ६५ च्या जवळ असाल, पोलिसांना हे समजावत बसू नका.

गोळा खरंच ४.२२ चा आहे का ते न उघडता बघायची युक्ती सांगतो. गाडीतच असेल तर एक मागचं चाक जमिनीवर, एक उचललेलं, पुढच्या चाकांना उटी, हँडब्रेक सोडलेला, न्यूट्रल. उचललेलं चाक वीस फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असताना क्राऊन निम्मंच फिरतं, म्हणजे दहा फेरे. शाफ्टचे साडेपंचेचाळीस झाले तर ४.५५, बेचाळीस आणि थोडे झाले तर ४.२२. एक-दोन फेऱ्यांत हा फरक कळत नाही म्हणून वीस म्हटलं.

प्रश्न : आर्मी डिस्पोजलची विलीज एमबी आहे, १९४४ ची. मागचा एक्सल खराब झाला म्हणून एका गॅरेजने महिंद्रा सीजे-३बी चा अख्खा एक्सल बसवला. आता टू व्हीलमध्ये झकास पण फोर व्हील लावलं की गाडी जखडल्यासारखी होते आणि लीव्हर परत निघतच नाही. ट्रान्सफर केस उघडावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणाऱ्या डब्याला) हात लावू नका, तो बिचारा निर्दोष आहे. युद्धकाळातल्या एमबीचा रेशो ४.८८, म्हणजे ३९ आणि ८ दात. नंतरच्या सिव्हिलियन सीजे जीपना ५.३८ यायचा, ४३ आणि ८. तुमच्या गाडीत आता पुढे एक आणि मागे दुसरा आहे. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरेन्शियल नसतं, फोर व्हील लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, आणि मग पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर कापायला बघतात. चिखलात चाकं घसरून तो फरक निघून जातो पण डांबरावर जायला जागाच नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो म्हणून लीव्हर अडकतो. जबरदस्ती केलीत तर क्रॉस किंवा ट्रान्सफरचा गिअर तुटणार. आत्ता अडकलाच असेल तर रिव्हर्समध्ये थोडं मागे घ्या किंवा एक चाक जॅकवर उचला, पीळ सुटेल.

उपाय दोनच, मागे ४.८८ चा मूळ एक्सल शोधा नाहीतर पुढच्यातही ५.३८ ची जोडी घाला. गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर पहिला. शेतावर, घाटवाटांना वापरायची असेल तर दुसरा, ५.३८ ला ओढ जास्त आहे आणि जोडी आपल्याकडे मिळायला सोपी. तोवर फोर व्हील लावू नका. आणि हो, पुढे-मागे टायर एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे ठेवा, तिथेही हाच घोळ छोट्या प्रमाणात होतो.

प्रश्न : पद्मिनी घ्यायला गेलो होतो, मालक म्हणाला डिफरेन्शियल एकदम सायलेंट आहे, खरंच आवाज नव्हता. पण मित्र म्हणतो लाकडाचा भुसा घातला असेल. असं खरंच करतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : करतात, जगभर करतात आणि फार जुनी खोड आहे. तेलात बारीक भुसा किंवा भरपूर ग्रीस घातलं की दातांमध्ये गादी होते आणि गाडी विकली जाईपर्यंत शांतता. लेव्हलचा प्लग काढा, करंगळी घाला, तेल बोटावर चोळा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि ते मधासारखं ओघळतं, लगदा किंवा कण लागले तर नमस्कार करून निघा. मालक प्लग काढू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. मग अर्धा तास गाडी चालवून गोळ्याला हात लावा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग गेलीयेत.

पद्मिनीच्या एक्सलचं सुटं सामान मुंबईत अजून मिळतं, बरंचसं काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली, म्हणजे या मालाची आवक आता थांबलीय. चांगली जोडी दिसली तर घेऊन ठेवा पण टॅक्सीचे एक्सल लाखो किलोमीटर पळालेले असतात, दात भिंगाखाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : काका मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चिखलात एकच चाक फिरतं म्हणून मित्र जुन्या जीपचं डिफरेन्शियल वेल्ड करायचं म्हणतोय. चालेल का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : शेतात चालेल, रस्त्यावर नाही. गणित करून बघ. दोन मागच्या चाकांमध्ये सव्वा मीटरच्या आसपास अंतर धर, गाडी एक पूर्ण गोल फिरली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दोन π (पाय) गुणिले ते अंतर, म्हणजे साधारण आठ मीटर जास्त धावतं, आणि गंमत म्हणजे गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच. वेल्ड केल्यावर ते आठ मीटर कुठून येणार? टायर घासून, नाहीतर एक्सल शाफ्ट पिळून. ओल्या रस्त्यावर वळणात मागचा भाग सुटतो ते वेगळंच. जुना गोळा आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने गिअर ठिसूळ होतात आणि नंतर तो परत कधीच डिफरेन्शियल होत नाही. मित्राला म्हणावं मागच्या टायरांना चेन बांध.

प्रश्न : इकडे १९२९ ची फोर्ड मॉडेल ए घेतलीय. मागच्या एक्सलला आधुनिक हायपॉइड तेल घालू का? आणि डिफरेन्शियल स्वतः उघडता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या गाडीत हायपॉइड नाहीच, साधे स्पायरल बेव्हल गिअर आहेत, पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर. हायपॉइडमध्ये पिनियन मध्यरेषेच्या खाली उतरवलेलं असतं त्यामुळे दात एकमेकांवर घसरतात आणि म्हणून त्यांना ईपी तेल लागतं, ही पद्धत पॅकार्डने १९२६ मध्ये आणली, त्याने प्रोपेलर शाफ्ट आणि गाडीचा तळ खाली घेता आला. मॉडेल ए ला फोर्डने ६००डब्ल्यू नावाचं जाडजूड तेल सांगितलं होतं, तसं तेल तुमच्याकडे या गाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, तेच घाला. पातळ तेल घातलंत तर एक्सलच्या नळीतून सरळ ब्रेकवर येतं.

उघडता येईल पण मायनरसारखं पुढून काढायचं काम नाही, टॉर्क ट्यूबसकट (प्रोपेलर शाफ्ट जिच्या आत असतो त्या नळीसकट) अख्खा एक्सल गाडीखालून काढावा लागतो. बेअरिंगचा प्रीलोड इथे मधल्या हाउसिंगच्या दोन्ही बाजूंच्या कागदी गॅस्केटच्या जाडीवर ठरतो, तेव्हा जुनी गॅस्केट फेकण्याआधी मोजा. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे : मागची आडवी पाटा स्प्रिंग प्रचंड ताणाखाली असते. स्प्रिंग स्प्रेडर (स्प्रिंग ताणून धरायचं हत्यार) नसेल तर शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाच्या कड्या सोडवू नका, ती सुटली तर हात नाहीतर जबडा जातो. तिथल्या मॉडेल ए क्लबमध्ये कोणाकडे तरी स्प्रेडर असतोच, मागून आणा.

प्रश्न : माझी गाडी पन्नास वर्षांची झाली, व्हिंटेज म्हणून नोंदवायचीय. डिफरेन्शियल बदललेलं असेल तर अडचण येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. डिफरेन्शियलचं नाव त्यात नाही. त्याच मॉडेलचा गोळा दुरुस्त केलाय किंवा त्याच कुळातला दुसरा घातलाय तर काळजी नको, पण दुसऱ्याच गाडीचा अख्खा एक्सल बसवायला चासीवर कापाकापी केली असेल तर तपासणीला जाण्याआधी ती निस्तरा. आणि व्हीए नंबर घेतल्यावर गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, चाचणी, तेल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढंच. लग्नसराईत गाडी भाड्याने द्यायचा बेत असेल तर आहे तोच नंबर राहू द्या.